ताडपत्रीबाईंची सपाट वाट

त्या गावात सपाट जमीन औषधालाही सापडायची नाही. घरातून पाऊल बाहेर टाकलं की एकतर चढ, नाहीतर उतार. बाजारात जाताना गुडघे कुरकुरायचे आणि परतताना छाती. गावातली माणसं थट्टेनं म्हणत, आपल्याकडे हातातून लिंबू निसटलं तर ते ओढ्यावर जाऊनच उचलायचं. आणि अशा गावात डॉक्टरांनी ड्रायव्हरसाहेबांना सांगितलं, "रोज चाला. पण सपाटीवर. चढउतार अजिबात नको."

ड्रायव्हरसाहेब म्हणजे ताडपत्रीबाईंचे यजमान. उभा जन्म त्यांनी याच चढउतारांवर बस चालवली होती. निवृत्ती तोंडावर आली असताना एके सकाळी दाढी करता करता वस्तरा हातातून गळाला आणि डावं अंग लुळं पडलं. इस्पितळातून घरी आले ते एक काठी आणि पूर्वीच्या दुप्पट राग घेऊन. जीभ हळूहळू सुटली, हातही थोडा वळायला लागला, पण पाय काही मनावर घेईना. दिवसभर खिडकीशी बसायचे आणि खालून जाणाऱ्या प्रत्येक बसच्या ड्रायव्हरला शिव्या घालायचे. "बघ, बघ, वळणावर गिअर कसा टाकतोय! गाडी आहे की उसाचा चरक?"

बाईंचा धंदा ताडपत्र्या शिवायचा. घराच्या तळमजल्यावर त्यांचा कारखाना होता. कारखाना कसला, एक लांब खोली, दोन अवजड मशीनं, भिंतीला टेकून उभे केलेले कापडाचे गठ्ठे आणि मेण, रबर, मशीनचं तेल यांचा मिळून झालेला एक वास. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची छपरं, भाजीवाल्यांच्या छत्र्या, सगळं त्या शिवायच्या. दाभण चालवून चालवून बोटांना असे घट्टे पडले होते की चुलीवरचं भांडं त्या फडक्याशिवाय उतरवत. बोलणं मोजकंच. पण एकदा मनात आणलं की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायच्या नाहीत. यजमान म्हणायचे, "हिच्या डोक्यात एकदा टाका पडला ना, की तो उसवायचा नाही."

डॉक्टरांकडून परत आल्या त्या दुपारी बाई कारखान्याच्या मागच्या दारात चिंध्यांची टोपली घेऊन उभ्या होत्या. मागे नुसतं रान माजलेलं. पुरुषभर उंचीची काटेरी झुडपं, फुटक्या बाटल्या, कुणीतरी आणून टाकलेला घराचा राडारोडा. त्या रानाखाली जुनी रेल्वेलाईन होती. वर डोंगरात दगडाची खाण होती, तिथून दगड आणायला ती टाकलेली. बाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा मालगाडी गेली की फडताळातली भांडी थरथरायची. मग मोठी खाण बंद पडली, मागोमाग गाडी बंद पडली आणि एक दिवस माणसं येऊन रूळ उखडून घेऊन गेली. तेव्हापासून सगळ्या आळीनं ती जागा कचऱ्याला देऊन टाकली होती. बाईंनीसुद्धा.

टोपली रिकामी करता करता त्यांचा हात थांबला. रेल्वेला चढ सोसत नाही. म्हणून तर ती लाईन डोंगराला वळसे घालत घालत खाली बाजारापर्यंत आणलेली. म्हणजे अख्ख्या गावात चालण्यासारखी सपाट अशी एकच जागा, ती आपल्या मागच्या दाराशी, आणि आपण तिथे चिंध्या फेकतोय! काखेत कळसा म्हणतात तो हाच. बाईंनी टोपली तशीच घरात परत नेली.

दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन त्या रानात शिरल्या. आधी आळीला वाटलं, काही हरवलं असेल. मग रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी तासभर खटाखट कोयत्याचा आवाज यायला लागला तेव्हा खिडक्या उघडल्या. कुणी म्हणालं, बाई सोनं शोधतायत. कुणी म्हणालं, नवऱ्याच्या आजारपणानं डोक्यावर परिणाम झाला. बाईंनी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

मदतीला पहिला आला तो पिपाणी. तो लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा आणि घरी बायको, शेजारी आणि शेजाऱ्यांचा कुत्रा यांपैकी कुणालाच त्याचा सराव सोसत नसल्यामुळे या रानात येऊन वाजवायचा. झुडपांतून अचानक कोयता बाहेर आला तसा तो दचकलाच.

"काकू, ही माझी बसायची जागा आहे हो!"

"मग बस की. पण बसल्या बसल्या ती फांदी धर."

त्यानं फांदी धरली आणि तो अडकला तो कायमचा.

रान हटलं, खाली खडी दिसायला लागली. बाईंनी यजमानांना हाताला धरून आणलं. त्यांनी दोन पावलं टाकली, डावा पाय खडीत फरफटला आणि ते पिपाणीच्या अंगावरच कोसळले. "मला मारायला आणलंस का इथं?" असं ओरडून ते घरी गेले आणि दोन दिवस जेवणाशिवाय कशालाही तोंड उघडलं नाही. बाईंनी मग जुन्या ताडपत्र्या खडीवर अंथरून पाहिल्या. काठी त्यावरून घसरायला लागली. तेही फसलं.

बाईंकडे ताडपत्री शिवायला येणारे ट्रकवाले काही कमी नव्हते. एकाला विचारलं, "खडीवर बसेल असं काय टाकू रे?" तो म्हणाला, "कच टाका काकू. खडी फोडल्यावर खाली जी बारीक भुकटी उरते ना, ती. पाणी मारून दाबली की दगडासारखी बसते. पलीकडची छोटी खाण अजून चालू आहे, तिथे तिचे ढीग पडलेत, फुकट नेलेत तर मालक दुवा देईल." तेव्हापासून ताडपत्री न्यायला येणारा प्रत्येक ट्रक मागच्या दाराशी कच ओतूनच जायला लागला. नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती; पावसापाण्यात मालाची लाज बाईंच्या टाक्यांच्या हातात होती.

नगरपालिकेतून अभियंता बाई आल्या त्या हे काम थांबवायलाच. तरुण, चष्मा लावलेल्या, हातात फाईल. "काकू, ही जागा रेल्वेनं नगरपालिकेला सोडलेली आहे. परवानगीशिवाय तुम्हाला इथं काही करता येणार नाही."

"मग तुम्ही करा," बाई म्हणाल्या. "मी बाजूला होते. कधी सुरू करताय?"

अभियंता बाईंना हसू आवरेना. त्या कच टाकलेल्या तुकड्यावरून थोडं चालल्या, टाचेनं जमीन दाबून पाहिली. मग म्हणाल्या, "कच चांगली बसलीय. पण दोन्ही बाजूंना चर काढले नाहीत तर पहिल्याच पावसात सगळी वाहून जाईल. आणि ओढ्यावरच्या पुलाकडे चुकूनसुद्धा जाऊ नका. त्याचे नुसते लोखंडी गर्डर उरलेत." जाता जाता त्यांनी चर कसे काढायचे तेही दाखवलं आणि परवानगीचा अर्ज स्वतःच लिहून घेतला. पुढे त्यांनीच पुलाची तपासणी करवली, गर्डर धडधाकट निघाले, आणि त्यांवर फळ्या आणि कठडे बसवायचं काम नगरपालिकेकडून मंजूर करून घेतलं. गावातली कामं मुंगीच्या पावलानं चालतात म्हणतात. या कामाच्या मागे ताडपत्रीबाई दर सोमवारी कचेरीच्या बाकावर येऊन बसत असल्यामुळे मुंगीला जरा पळावं लागलं.

घरापासून पुलापर्यंतची वाट तयार झाली. ड्रायव्हरसाहेब कुरकुरत का होईना, काठी टेकत वीसेक पावलं चालायला लागले. आणि मग तिथे माणसं यायला लागली. कुणी बोलावलं नव्हतं. बाळाची गाडी ढकलत एक नवी आई आली. सायकल शिकणारी पोरं आली. सकाळी धावणारे आले. आणि एक दिवस टेलिफोनवाली आली.

टेलिफोनवाली म्हणजे पावभट्टीत काम करणाऱ्या बाईची मुलगी. लहानपणापासून पाय गेलेले. चाकाच्या खुर्चीवर असायची आणि खाली बाजाराच्या टोकाला इस्पितळ आहे तिथे टेलिफोन सांभाळायची. आवाज असा गोड की रोग्याचं निम्मं दुखणं फोनवरच पळावं. पण घरातून इस्पितळात पोचायला मधे पायऱ्यांची उतरण. रोज सकाळी आई आणि भाऊ तिला खुर्चीसकट उचलून उतरवायचे, संध्याकाळी तसंच वर चढवायचे. भावाची कंबर धरली होती, आई तर साठीची. घराचं मागचं दार मात्र लाईनीलाच लागून; त्या दिवशी ती तिथून स्वतःच्या हातानं चाकं फिरवत पुलापर्यंत गेली. पलीकडे बाजाराची छपरं दिसत होती. तिनं विचारलं, "काकू, ही वाट पुढे कुठे जाते?"

"बाजारात. इस्पितळाच्या मागच्या फाटकाशी."

"मग मी उचलून घेतल्याशिवाय कामाला जाऊ शकेन?"

बाईंची नजर ओढ्यापलीकडे गेली. कारण पुलाच्या पलीकडे, बरोबर लाईनीवर, त्यांच्या दिराची लाकडाची वखार होती.

दीर म्हणजे ड्रायव्हरसाहेबांचा पाठचा सख्खा भाऊ. माणूस वाईट नव्हता. भावाच्या आजारपणात रात्रंदिवस इस्पितळात बसला होता. वखार त्याची स्वतःचीच, पण रूळ गेल्यावर जागा ओस पडली तशी ओंडक्यांनी हळूहळू हातपाय पसरले. आधी चार फळ्या, मग एक शेड, मग कुंपण. आता लाईनीचा तो तुकडा आपला नाही हे तो स्वतःच विसरला होता. पुलावर फळ्या बसायला लागल्या तसा तो एका संध्याकाळी घरी आला. सोबत जाऊबाईही होत्या.

"वहिनी," चहाचा कप हातात घेत तो म्हणाला, "तुम्ही दादासाठी हे सगळं केलंत, मला अभिमान आहे. आता ऐका. पुलापर्यंतची वाट दादाला पुरे आहे. मी तिथे चांगल्या लाकडाची बाकं करून देतो, धरायला कठडा करून देतो, पाहिजे तर वर छप्परसुद्धा. फक्त पुलापुढचं नाव काढू नका. गावाची वरात माझ्या वखारीतून नको."

ड्रायव्हरसाहेबांचा चेहरा उजळला. "झालं तर! यापेक्षा आणखी काय पाहिजे?"

बाईंनी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या कपातल्या चहाकडे बघत होत्या. बाई म्हणाल्या, "भाऊजी, बाकं छान होतील. पण वाट पुलाशी थांबणार नाही."

"का?"

"कारण ती बाजारात जाते."

दीर कप खाली ठेवून उठला आणि चहा तसाच टाकून गेला. त्यानंतर घरात जे झालं ते आळीनं ऐकलं, कारण ड्रायव्हरसाहेबांची जीभ आता पुरती सुटली होती.

"माझ्यासाठी सुरू केलंस ना हे? मग माझं झालं की! माझा सख्खा भाऊ तोडतेस? लोकांसाठी?"

"तुमच्यासाठीच सुरू केलं," बाई म्हणाल्या. "पण आता ती पोरगी रोज पुलापर्यंत येते आणि परत फिरते. तिला काय सांगू? पुढे माझा दीर आहे म्हणून?"

"सांग!"

"तुम्ही सांगा. उद्या सकाळी ती येईल. तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरसाहेब पिपाणीच्या आधारानं, थांबत थांबत जाऊन पुलाशी बसलेले होते. टेलिफोनवाली आली. तिनं त्यांच्या तब्येतीची चौकशी केली, इस्पितळात कोणते डॉक्टर चांगले ते सांगितलं, फोनवर गिऱ्हाईकासारखं भांडणाऱ्या एका म्हातारीची नक्कल करून त्यांना पोट धरून हसवलं आणि निघून गेली. तिला त्यांनी काहीच सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी भावाची वकिली बंद केली.

नगरपालिकेच्या सभेत दिरानं हरकत घेतली आणि तो एकटा नव्हता. लाईनीकडे पाठ असलेल्या घरांची माणसं त्याच्या बाजूला उभी राहिली. एक आजोबा तावातावानं म्हणाले, "आमच्या न्हाणीघरांच्या खिडक्या तिकडे आहेत. उद्या सगळा गाव आमच्या अंघोळी बघत जाणार!" सभेत हशा पिकला, पण बाई हसल्या नाहीत. त्यांना ते पटलं. त्या उठून म्हणाल्या, "ज्यांच्या खिडक्या आहेत त्यांनी उद्या माझ्याकडे माप द्यायला या. पडदे मी शिवून देते. हिरव्या कापडाचे, झाडीत झाडीसारखे. वारा आत येईल, नजर येणार नाही."

पुढचा महिना दोन्ही मशीनं त्याच कामाला जुंपलेली. ट्रकवाले खोळंबले, एकदोघं दुसरीकडे गेलेही. पिपाणी खांब रोवायचा, बाई दोरी ओवायच्या. त्या आजोबांच्या खिडकीला पडदा लागला तेव्हा त्यांनी आतून-बाहेरून दोनदा पाहून खात्री करून घेतली आणि म्हणाले, "बरं झालं. आता मलाच बाहेरचं काही दिसत नाही ही एक अडचण आहे." पुढच्या सभेत त्यांनी वाटेच्या बाजूनं हात वर केला. ठराव झाला. वखारवाल्याला जागा मोकळी करायची नोटीस गेली.

नोटीस हातात घेऊन दीर तडक कारखान्यात आला. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला, "ही तुम्हीच धाडलीत!"

बाईंनी मशीन थांबवलं. "धाडली नगरपालिकेनं. पण मला ती हवीच होती भाऊजी, खोटं कशाला बोलू?"

"आणि ओंडके कुठे ठेवू? डोक्यावर?"

"माझ्या अंगणात."

दिरानं हातातली नोटीस खाली घेतली. ते अंगण म्हणजे काय हे त्याला माहीत होतं. रस्त्याच्या बाजूला, फरशी घातलेलं, भिंतीनं वेढलेलं. तिथेच बाई ट्रकच्या मोठ्या ताडपत्र्या पूर्ण पसरून मापायच्या, कापायच्या. गावात दुसरीकडे कुठे एवढी मोठी ताडपत्री पसरायची सोय नव्हती.

"मग तुम्ही कापणार कुठे?"

"घड्या घालून, खोलीत. वेळ जास्त लागेल. लागू दे."

"मला तुमचे उपकार नकोत."

"उपकार नाहीत. रस्त्यावरची जागा आहे, ट्रक दाराशी लागतो. विकत मागितली असतीत तरी दिली नसती. पण मी तुमची जागा घेतेय, तेव्हा दुसरी द्यायला नको का?"

तो तेव्हा निघून गेला. मुदत संपायच्या आठवड्यात जाऊबाई एकट्या आल्या आणि म्हणाल्या, "ताई, हे स्वतः येणार नाहीत. मी सांगते, ट्रक पाठवा."

ट्रकवाल्यांनी ओंडके उचलले. दीर हाताची घडी घालून वखारीच्या दारात उभा होता. सागाचा एक लांब ओंडका ट्रकवर चढवताना तिरका झाला तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. "अरे, खालून धरा! टोकाला धरून काय उचलताय?" म्हणत तो पुढे धावला आणि मग दिवस मावळेपर्यंत त्यांच्यातच राबला. बाईंशी मात्र बोलला नाही.

वाट बाजारापर्यंत पोचली. फीत कापायला नगराध्यक्ष आले, पिपाणीनं ट्रम्पेट वाजवली आणि पहिल्यांदाच त्या वाजवण्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. टेलिफोनवाली दुसऱ्या दिवशी एकटी कामाला गेली. तिची आई मागून चोरपावलांनी इस्पितळापर्यंत गेली होती म्हणे, आणि फाटकाशी उभी राहून पाव विकायच्या पिशवीत तोंड खुपसून रडली. ते बाईंना पावभट्टीवाल्यानं सांगितलं.

सगळंच गोड झालं असं नाही. सायकलवाले बेफाम यायला लागले. एकदा एकाच्या सायकलीनं ड्रायव्हरसाहेबांची काठी उडवली. दुसऱ्या दिवसापासून ते पुलाच्या तोंडाशी बसायला लागले. "ए, घंटी आहे की दागिना? वाजव!" "बाळाची गाडी येतेय, दिसत नाही? ब्रेक मार!" ओरडायला पुलावर जायचं, म्हणून रोज पुलापर्यंत चालायचं. आता मधे कुठेही न थांबता ते जातात. डावा पाय अजून फरफटतोच, आणि तो तसाच राहील असं डॉक्टर म्हणतात. पुलापुढे मात्र ते गेलेले नाहीत. घंटी न वाजवणाऱ्याला वाटेवरून परत पाठवण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला, असं एका सायकलवाल्यानं नगरपालिकेत जाऊन विचारलं. अभियंता बाईंनी त्याला सांगितलं, "माहीत नाही, पण घंटी बसवून घ्या."

दीर बाईंशी अजून कामापुरतंच बोलतो. पण ओंडके अंगणात असल्यामुळे त्याला दिवसातून दोनतीनदा तिथे यावंच लागतं, आणि अंगणाच्या दारात दुपारी थोरला भाऊ बसलेला असतो. पहिले काही दिवस एक आभाळाकडे बघायचा, दुसरा जमिनीकडे. मग एकदा थोरला म्हणाला, "ती फळी वाकडी लावलीयस." धाकटा म्हणाला, "तू काठी वाकडी धरलीयस." त्यावर दोघांचं यथेच्छ भांडण झालं, आणि ते चालू असतानाच जाऊबाईंनी दोघांना चहा आणून दिला. या वेळी दिरानं चहा संपवला.

गेल्या हिवाळ्यात बाई पुन्हा सोमवारच्या बाकावर जाऊन बसल्या. लाईनीचा वरचा भाग, घरापासून जुन्या खाणीपर्यंतचा, अजून रानातच होता. तिकडे डोंगरात दोन वस्त्या आहेत आणि त्या माणसांना बाजारात यायला अख्खा डोंगर उतरावा लागतो. नगराध्यक्ष म्हणाले, "काकू, वर बोगदा आहे. त्यात पाणी साठलंय, वटवाघळं आहेत. आता पुरे करा. तुमचं वय काय, तब्येत काय!"

"तब्येत ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "बोगद्याची तपासणी कधी?"

नगराध्यक्षांनी अभियंता बाईंकडे पाहिलं. त्यांनी आधीच डायरी उघडली होती. "गुरुवारी जाऊ. पण काकू, गुडघाभर पाणी असेल."

गुरुवारी सकाळी बाईंनी रबरी बूट घातले, डोक्याला रुमाल बांधला आणि कोयत्याला धार लावून घेतली. ड्रायव्हरसाहेब दारात बसले होते. "संध्याकाळच्या आत ये," ते म्हणाले. "आणि बोगद्यात पुढे तू जाऊ नकोस, त्या चष्मेवालीला जाऊ दे."

"तिला पोहता येत नाही," असं म्हणून बाई मागच्या दारानं बाहेर पडल्या आणि कच संपते तिथून पुढे झुडपांत शिरल्या.